परतोबा

विहिरीत उतरण्याआधी काठावर देव ठेवायचा, आणि तोही विहिरीकडे पाठ करून, अशी त्या घराची रीत होती. देव म्हणजे वीतभर काळा दगड. त्याला कुणी नाक-डोळे कोरले नव्हते, पण पाठ कुठली नि पोट कुठलं हे घरातल्या बायकांना बरोबर कळायचं. नाव परतोबा. कुणाच्या देवानं राक्षस मारलेले असतात, कुणाच्या देवानं आंधळ्याला डोळे दिलेले असतात. परतोबाच्या नावावर एकच करामत होती. तो अर्ध्या विहिरीतून परत आला होता.

आक्कानं त्या दिवशीही दगड धुतला, काठावर मांडला, त्याचं तोंड घराच्या दिशेला वळवलं आणि मग कंदिलाची काच पुसायला बसली. तिचा थोरला कमरेला फडकं बांधत होता. सून माती वाहायच्या पाट्या झटकत होती. धाकटा कप्पीला तेल घालत होता आणि देवाकडे बघायचं टाळत होता.

विहीर वस्तीची. पाऊस दोन वर्षं रुसलेला, त्यामुळे विहिरीनं तळ गाठला होता आणि बायका वाटीनं पाणी खरवडून भरत होत्या. तळ आणखी खाली न्यायचं काम आक्काच्या घराकडे आलं होतं. विहिरी खणणारं दुसरं घर आसपास उरलंच नव्हतं. पण खडक फुटायला लागला आणि वेगळंच दुखणं सुरू झालं. फटींतून पाणी पाझरायचं, रात्रीत गुडघाभर साचायचं आणि सकाळचा अर्धा वेळ ते उपसण्यातच जायचा. लोक डबे घेऊन काठावर उभे. पाणी दिसतंय, पण प्यायला पुरत नाही आणि खणूही देत नाही, म्हणजे आई जेवू घालीना नि बाप भीक मागू देईना.

त्या दिवशी बागवाला आपलं डिझेलचं इंजिन गाडीवर घालून घेऊन आला. बाग त्याची वाळत चालली होती, घाई सगळ्यांत त्यालाच जास्त होती. पण माणूस हसरा.

"आक्का, तुमचा देव विहिरीवर रुसलाय का? रोज पाठ करून बसतो."

"त्याला घर दिसलं पाहिजे," आक्का म्हणाली.

"आमच्याकडे असल्याला पळपुटा म्हणतात."

माणसं हसली. आक्काही थोडी हसली, ही थट्टा तिच्या सासूच्या सासूनंही ऐकलेली होती. धाकटा मात्र हसला नाही. त्याचे कान लाल झाले आणि तेलाची बाटली त्यानं जरा जोरात खाली ठेवली.

धाकट्याचा देव वेगळा होता, आणि तो चौकात होता. चौकातल्या झाडाखाली एक चबुतरा, त्यावर पांढऱ्या दगडाची पाटी आणि पाटीवर त्याच्या बापाचं नाव. खाली कोरलेलं होतं, 'दुसऱ्याचा जीव वाचवताना याने आपला जीव दिला.' कोरणाऱ्यानं जरा सढळ हातानं कोरलं होतं, कारण वाचलं कुणीच नव्हतं. पिठाच्या गिरणीमागच्या विहिरीत गिरणीचा नोकर बेशुद्ध पडला, आक्काचा नवरा त्याच्यामागे उतरला आणि वर काढली ती दोघांची प्रेतं. धाकटा तेव्हा अंगावर पीत होता. पुढे तो त्या चबुतऱ्यावर बसूनच मोठा झाला. येणारा-जाणारा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, वाघ होता तुझा बाप. आता त्याचे खांदे बापासारखे भरले होते, चालही तीच, उतावळी. आक्का त्याला पाठमोरा बघायची तेव्हा उगाचच हाक मारून वळायला लावायची.

आक्काला सगळे वाघाची बायको म्हणून ओळखायचे. बैठकीत तिला पुढची खुर्ची मिळायची. ती बसायची, मान खाली घालायची, आणि लोकांना वाटायचं, बिचारीला अजून आठवण येते. आठवण यायचीच, पण तिच्याबरोबर रागही यायचा, आणि एवढ्या वर्षांत तो तसूभर कमी झाला नव्हता. नवरा गेला त्या दिवशी दोराशी तीच उभी होती. "अहो, आधी कंदील तरी सोडा खाली," ती म्हणाली होती. "तू गप बस गं," तो म्हणाला आणि उतरला. वाघाचे शेवटचे शब्द हे एवढेच. ते कुणी पाटीवर कोरले नाहीत.

म्हणून तिनं धाकट्याला कप्पीवर ठेवलं होतं, खाली थोरला जायचा. धाकटा कुरकुरायचा. "दादाचं लग्न झालंय, तरी तो जातो. मी काय बाहुला आहे?" आक्का काहीतरी निमित्त सांगायची. तुझा हात कप्पीवर चांगला बसलाय, तुझी पाठ परवा धरली होती. धाकट्याला ते खोटं कळायचं आणि आक्काला ते त्याला कळलंय हेही कळायचं.

इंजिन आलं तसा इंजिनवालाही आला. हाडकुळा, बोलघेवडा माणूस, कानामागे विडी. बरोबर त्याची बायको डिझेलचा डबा घेऊन. विहिरीत मध्यावर जुन्या लोकांनी दगडी टप्पा ठेवला होता, तिथपर्यंत भिंतीला लोखंडी कड्या होत्या. इंजिनवाला म्हणाला, इंजिन टप्प्यावरच बसवावं लागेल, काठावरून ते एवढ्या खोलातलं पाणी ओढत नाही.

"विहिरीत इंजिन नको," थोरला म्हणाला. "धूर खालीच बसेल."

"धूर वर जातो, बाबा. चुलीचा कुठं जातो?"

थोरला आईकडे बघायला लागला. आक्कानं कंदील पेटवला, दोरी बांधली. इंजिन टप्प्यावर बसवून चालू केल्यावर तिनं कंदील त्याच्या पलीकडे, थेट पाण्यापर्यंत सोडला. सगळे वाकून बघत राहिले. ज्योत सरळ होती. फडफडली नाही, निळी पडली नाही, लहान झाली नाही. या धंद्यात कंदिलाचा शब्द शेवटचा. तो विझला तर वर यायचं आणि जळला तर उतरायचं, हे घरातलं रांगतं पोरसुद्धा सांगेल.

"जळतोय," आक्का म्हणाली. म्हणताना ती निर्धास्त होती, हे तिला पुढे फार टोचायचं होतं.

इंजिन ठोके देत राहिलं. पाणी नळीतून धो धो बाहेर पडायला लागलं आणि बायकांनी हंडे पुढे केले. तासाभरात उपसून होतंय म्हटल्यावर थोरल्यानं बोथटलेल्या पहारी सायकलला बांधल्या. "तोवर लोहाराकडून धार लावून आणतो," म्हणाला आणि गेला.

तो गेल्यावर थोड्याच वेळात इंजिन अडखळलं, खोकलं आणि बंद पडलं. इंजिनवाला शिवी हासडत डिझेलचा डबा घेऊन कड्यांवरून उतरला. "काही नाही, तहान लागलीय त्याला," वरून त्याचं एवढंच ऐकू आलं. मग डबा आपटल्याचा आवाज. मग काहीच नाही.

"अहो," त्याच्या बायकोनं हाक मारली.

सगळे वाकले. अंधारात डोळे बसायला वेळ लागला. तो टप्प्यावर इंजिनाच्या बाजूला पालथा पडला होता, एक हात टप्प्याबाहेर लोंबत होता. पाय एकदा हलल्यासारखा वाटला.

"पडला! अरे पडला तो!"

काठावर एकदम गलका झाला. बागवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. गवळी, ज्याचा आवाज वस्तीत सगळ्यांत मोठा, तो ओरडायला लागला, "उतरा कुणीतरी! दोर कुठाय? विहिरीवाले कुठायत?" आणि सगळ्यांचे डोळे धाकट्यावर गेले. धाकटा तोवर वहाणा काढून मोकळा झाला होता.

आक्कानं मघाशी वर काढून ठेवलेला कंदील उचलून त्याच्या हातात दिला. खरं तर तिला चार श्वासांचा वेळ हवा होता. "आधी हा सोड."

त्यानं सोडला. कंदील खाली जात राहिला, टप्प्यापाशी पोचला, पडलेल्या माणसाच्या पाठीवर उजेड पडला. ज्योत सरळ. पिवळी, स्वच्छ.

"जळतोय ना?" धाकटा म्हणाला. "झालं समाधान? आता मला सोड."

कंदील जळत होता. कंदील जळतोय आणि तरी एक धडधाकट माणूस बोलता बोलता कोसळलाय. घसरला असेल? डोकं आपटलं असेल? त्याला फिट येत असेल? तिला काही ठरवता येईना.

आणि तेव्हा तिला सासूचा आवाज ऐकू आला. सासू ही गोष्ट काच पुसताना सांगायची. परतोबा चार जणांबरोबर विहीर खणायला गेला. पहिला उतरला तो परतोबा. अर्ध्यावर त्याचं डोकं जड झालं, तो वर आला आणि म्हणाला, आज नको. बाकीचे हसले, उतरले आणि कुणी वर आलं नाही. पुढे जन्मभर लोक त्याच्यावर थुंकले, त्यानं त्या चौघांची पोरं वाढवली, आणि तो मेल्यावर बायकांनी त्याचा दगड मांडला. पुरुष हीच गोष्ट सांगताना म्हणायचे, परतोबाचा दिवा विझला म्हणून तो परतला. सासू मात्र दर वेळी बोट वर करायची. "विझला नव्हता गं. चांगला जळत होता. म्हणून तर हसले." आक्काला वाटायचं, म्हातारी गोष्टीला मीठ-मिरची लावतेय.

"थांब," ती म्हणाली.

"आई, बाजूला हो."

"इंजिनाचा धूर आहे खाली. त्याचं काहीतरी वेगळं असेल. कंदिलाला कळत नसेल ते."

"कंदिलाला कळत नाही?" धाकट्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "आजवर कंदील कंदील करून तूच जीव खाल्लास ना? आता तोही खोटा?"

आपण हे पोरगं वाचवायला वाट्टेल ते बोलतोय, असं तिला स्वतःलाच वाटायला लागलं. तसंच असलं तर? खाली माणूस तडफडतोय आणि आपण आईपण कवटाळून बसलोय, असं असलं तर? पण परतोबाला तरी काय ठाऊक होतं? त्याला कुणी येऊन सांगितलं नव्हतं. डोकं जड वाटलं, एवढ्यावर तो वर आला आणि चारचौघांसमोर हसं करून घ्यायला उभा राहिला. ती दोराच्या गुंडाळीवर बसली, सगळा भार टाकून.

"सूनबाई, पळ," ती म्हणाली. "थोरल्याला म्हणावं, लोहाराचा भट्टीचा पंखा उचलून आण आणि सोबत लांब नळी आण. आणि तुम्ही सगळे बघताय काय? झाडाच्या फांद्या तोडा, दोरीला बांधा, खाली-वर करा. हवा हलली पाहिजे. पाणी ओता, हंडे ओता."

"प्यायचं पाणी ओतू?" कुणीतरी म्हणालं.

सून पळाली. फांद्या तोडायला दोघं गेले, बाकीचे आक्काभोवती जमले. गवळी पुढे झाला. "वाघाची बायको ना तू? तुझा नवरा असता तर एव्हाना त्याला खांद्यावर टाकून वर आला असता."

"माझा नवरा वर आला नव्हता," आक्का म्हणाली. पण ते गलक्यात कुणाला ऐकू गेलं नाही.

इंजिनवाल्याची बायको एवढा वेळ काठाशी नुसती हाका मारत होती. ती वळली आणि आक्काच्या पायांशी येऊन बसली. तिच्या हातांना डिझेलचा वास होता. "आक्का, तुम्हाला दोन आहेत," ती हळूच म्हणाली. "माझा हा एकच आहे."

कुणी थोबाडीत मारली असती तर आक्का ढळली नसती. या बोलण्यानं ती ढळली. ती उठली, दोर मोकळा केला आणि धाकट्याच्या काखेतून स्वतःच्या हातानं गच्च आवळला, इतका की तो कळवळला.

"बोलत राहायचं," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"दिसेल ते. तोंड बंद पडलं की ओढणार."

तो उतरला. दोराला चौघं होते, त्यांत गवळी आणि बागवाला, आणि सगळ्यांत पुढे आक्का. फांद्या अजून आल्या नव्हत्या. त्याचा आवाज वर येत होता, चिडलेला, मोठा. "कडी सैल आहे इथली. ओल आहे. डिझेलचा वास येतोय. पाय लागला की सांगतो." आक्का प्रत्येक शब्द कानानं चाचपून बघत होती. "टप्पा दिसतोय. तो हलत नाहीये. टप्पा दिसतोय." मग थोडा वेळ नुसता श्वास. "टप्पा… दिसतोय."

शब्द तेच होते, फक्त जीभ जाड झाली होती. दारू प्यालेला माणूस आपण शुद्धीत आहोत हे पटवून देतो, तसा आवाज.

"ओढा," आक्का म्हणाली.

"अहो, बोलतोय तो," गवळी म्हणाला. "पोचलाच की."

"ओढा म्हणते ना."

"हात लागला माझा," खालून आवाज आला, गुळमुळीत. "आई, लागला हात. नको…"

दोर कुणी ओढेना. आक्कानं पाय काठाच्या दगडाला लावले आणि एकटीनं जोर लावला. दोर वीतभर आला, तळहाताची सालं निघाली. इंजिनवाल्याच्या बायकोनं तिचं मनगट धरलं. "पोचलाय तो, आक्का, थोडंच राहिलंय, थोडंच." आक्कानं कोपर मारून तिला ढकललं. ती मागे खडकाच्या ढिगावर पडली. आक्कानं बघितलंसुद्धा नाही. बागवाला, जो सकाळपासून थट्टा करत होता, तो वाकला आणि ओढायला लागला. मग बाकीच्यांनीही जोर लावला.

धाकट्यानं खाली कडी धरून ठेवली होती. दोर ताणला, थांबला, आणि एकदम सुटला. तो वर आला तेव्हा त्याची मान एका बाजूला पडलेली होती आणि गाल लालबुंद होते, उन्हात खेळून आल्यासारखे. काठावर आडवा केल्याबरोबर तो ओकला. मग उताणा पडून डोळे फिरवत राहिला. आक्कानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पहिलं वाक्य त्याला नीट जुळवता आलं तेव्हा तो म्हणाला, "हात लागला होता माझा त्याला. गरम होता हात."

ते सगळ्यांनी ऐकलं.

थोरला आला तो सायकल टाकून धावतच, पंखा पाठीवर, मागे लोहार नळी घेऊन. आईच्या एका वाक्यात त्याला सगळं कळलं. फांद्या खाली-वर होत होत्या, लोहार पंखा फिरवत होता, नळीतून हवा टप्प्यावर जात होती. एवढं झाल्यावर थोरला उतरला आणि अर्ध्यावरून परत आला. काठावर बसून त्यानं श्वास घेतला. लोक शिव्या देत होते. पंखा पुन्हा फिरला, तो पुन्हा उतरला, आणि या वेळी इंजिनवाल्याला बांधून घेऊन आला.

इंजिनवाल्याचेही गाल लाल होते. झोपेत असल्यासारखा दिसत होता. बागवाल्याच्या गाडीत घालून त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं बराच वेळ खटपट केली, आणि ऊन उतरताना निरोप आला की धुराचं विष चढून गेला. लवकर आणला असता तर वाचला असता का, असं गवळ्यानं डॉक्टरला तोंडावर विचारलं. डॉक्टर म्हणाला, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. वस्तीत हे पोचलं तेव्हा त्याचं "वाचला असता" झालं होतं.

विहिरीचं काम थांबवता येत नव्हतं, तहान कुणाच्या मरणासाठी थांबत नाही. इंजिन वर काढलं, पाणी पुन्हा हातानं उपसायला सुरुवात झाली. थोरला उतरायचा, सून पाट्या ओतायची. लोक डबे घेऊन यायचे, पाणी घ्यायचे आणि तोंड फिरवून जायचे. गवळी जाताना देवाच्या दगडाजवळ थुंकला. आक्कानं जागा धुतली. धाकटा कामावर यायचा, कप्पी ओढायचा, पण तिच्याशी शब्द बोलत नव्हता. संध्याकाळी तो चौकाकडे जाईनासा झाला. कुणीतरी त्याला तिथं ऐकवलं होतं म्हणे, बापाच्या चबुतऱ्यावर बसायला बापाचं काळीज लागतं.

आक्का इंजिनवाल्याच्या घरी गेली. जाऊ नको असं थोरला म्हणाला होता. छोटीशी खोली, भिंतीला इंजिनाचे पट्टे टांगलेले, कोपऱ्यात नटबोल्टांची पेटी. बायका बसल्या होत्या, त्या गप्प झाल्या. कुणी जागा दिली नाही म्हणून आक्का दारातच टेकली. इंजिनवाल्याच्या बायकोच्या कोपराला फडकं बांधलेलं होतं.

"तुम्ही मला ढकललंत," ती म्हणाली.

"हो."

"तो हात गरम होता म्हणे."

"हो. तसं म्हणाला तो."

आक्काला सांगायचं होतं की मीही अशीच बसले होते, भिंतीला टेकून, आणि लोक येऊन वाघ वाघ म्हणत होते. पण तिचा मुलगा घरी जिवंत होता, आणि तो असताना हे बोलायला जीभ उचलत नव्हती.

"तुमच्या जागी मी असते तर मीही दोर ओढला असता," इंजिनवाल्याची बायको शेवटी म्हणाली. "पण मी तुमच्या जागी नाही ना. तुम्ही जा आता."

आक्का उठली. रस्ताभर तिला लाज वाटत होती. लाजेच्या खाली आनंद होता. पोरगं घरी आहे, भूक लागली म्हणून भांडी वाजवत असेल, या एका विचारानं तिची पावलं भरभर पडत होती. त्या आनंदाचीच लाज वाटत होती. दोन्ही सांभाळत ती घरी पोचली.

धाकटा ताटावर बसला होता. सून वाढून आत गेली होती, थोरला बाहेर दोर वळत होता. आक्का समोर बसली. त्यानं मान वर केली नाही, पण खाणं थांबवलं.

"तुझ्या बापाचा मला राग येतो," ती म्हणाली. "कधी बोलले नाही. आज बोलते. तो उतरला त्याचा नाही. मागं वळून बघितलं नाही त्याचा."

"त्यांनी विचार केला नाही," धाकटा म्हणाला. इतक्या दिवसांतले हे त्याचे पहिले शब्द. "विचार करत बसणारे लोक वेगळे. माझ्या हाताला लागला होता तो, आई. अजून एक हात खाली गेलो असतो तर धरला असता. तू ओढलंस. सगळे थांबले होते, तू ओढलंस."

"हो, मीच ओढलं."

"आता मी कुठंही गेलो तरी लोक म्हणणार, हाच तो."

"म्हणतील."

त्यानं ताट बाजूला सारलं, आणि मोठ्या माणसासारखं, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "मी तुला कधी माफ करणार नाही."

आक्कानं ताट पुन्हा त्याच्यापुढे ओढलं. तळहाताच्या जखमांमुळे ते तिला नीट धरता आलं नाही.

"नको करूस," ती म्हणाली. "म्हातारा होईपर्यंत करू नकोस."